म्हशीची तारीख पाठ, मग सुनेची का नाही?

म्हैस फळली की आपला शेतकरी दिवस मोजायला लागतो. म्हशीचे दहा महिने दहा दिवस, गाईचे नऊ महिने नऊ दिवस, हे सांगायला ढोरांचा डॉक्टर लागत नाही. दिवस भरले की रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात चक्कर होते. पण घरातल्या सुनेची तारीख विचारा. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांत उत्तर मिळते, "होईल आवणीच्या सुमारास." ही ढिलाई जिवावर बेतू शकते.

पोटातल्या बाळाला अन्न आणि प्राणवायू पुरवते ती वार. भाताचे पान लोंबी भरेपर्यंत हिरवे राहते, मग पिवळे पडते. वारेचेही आयुष्य असेच ठरलेले आहे. दिवस उलटले की बाळाची मागणी वाढलेली आणि वार थकलेली. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या रॉजर स्मिथ यांच्या गटाने २०१७ मध्ये वारेची तपासणी प्रसिद्ध केली. ४१ आठवडे उलटलेल्या मातांच्या आणि पोटातच बाळ दगावलेल्या मातांच्या वारेत म्हातारपणाच्या सारख्याच खुणा दिसल्या. प्रत्येक वेळी कारण हेच असते असे नव्हे. रक्तदाब, साखर, जंतुसंसर्ग हीही कारणे आहेत. मात्र "नजर लागली", "सून पांढऱ्या पायाची" हे कारण कधीच नसते. बाळ गेलेल्या बाईला बोल लावणे आधी थांबवा.

दुसरी गोष्ट मशेरीची. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून डॉ. प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. मशेरी-तंबाखू वापरणाऱ्या बायांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पोटातच बाळ दगावण्याचा धोकाही अडीच पटींच्या आसपास वाढलेला आढळला. दात घासायची मशेरी म्हणून तिच्याकडे कानाडोळा करू नका. तंबाखूमुळे वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो.

सर्वांत मोठी अडचण वीटभट्टीवरच्या बायांची. दिवाळीनंतर कुटुंब गाव सोडते, नोंद एका गावात आणि बाई दुसऱ्या गावात. कार्ड हरवले की तारीखही हरवली. भट्टी आपल्या हद्दीत असेल तर ती बाई आपल्या गावचीच, असे ग्रामपंचायतीने धरून चालावे.

यासाठी फार मोठी योजना नको. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख निघते. पाळी अनियमित असेल किंवा दिवस आठवत नसेल, तर सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी तारीख सांगते. म्हणून नाव लवकर नोंदवावे. तारखेनंतर सात दिवस गेले की ४१ आठवडे भरतात. त्यापुढे वाट न पाहता कळा आणण्याची सोय करावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. बाळाची हालचाल मंदावली, तर "उद्या बघू" म्हणू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताई यांनी दर महिन्याला एकत्र बसून येत्या दोन महिन्यांत दिवस भरणाऱ्या बायांची यादी करावी, भट्टीवरच्या बायांसह. कुणाची गाडी रात्री मिळेल, हेही त्यातच लिहून ठेवावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी सुनेला लावणीतून सुटी द्या. अडचणीच्या वेळी १०८ला फोन करा. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आपल्या तालुक्याला लांब नाही.

गोठ्यातल्या जनावरासाठी जी जागरूकता आपण दाखवतो, तेवढी घरातल्या लेकी-सुनेसाठी दाखवली तरी पुष्कळ बाळे वाचतील. आजच दिनदर्शिका काढा आणि सुनेला विचारून त्या तारखेवर खूण करा.