बाजारपेठ आणि परंपरा : अमेरिकेतील तरुण उजव्यांचा पेच

१० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या युटा राज्यात, ओरेम येथील युटा व्हॅली विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत असताना चार्ली कर्क या ३१ वर्षांच्या नेत्याची गोळी घालून हत्या झाली. विचारांचा प्रतिवाद बंदुकीने करण्याचा हा प्रकार निंद्य होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. आपल्याकडे मात्र या घटनेची चर्चा दोन-चार दिवसांत संपली. कोणी त्यांना धर्मवेडा ठरविले, तर कोणी हुतात्मा. ज्या देशातील विद्यापीठे एके काळी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पेटून उठली होती, त्याच देशात तरुणांचे जथेच्या जथे उजव्या विचारांकडे का वळावेत, हा खरा प्रश्न बाजूलाच राहिला.

कर्क यांनी २०१२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘टर्निंग पॉइंट यूएसए’ ही संघटना स्थापन केली. तेव्हा तिचा भर होता तो खुल्या बाजारपेठेवर, सरकारी काटकसरीवर आणि मर्यादित शासनावर. पुढील बारा-तेरा वर्षांत त्यांच्या भाषणांतून बाजारपेठ हळूहळू मागे पडली आणि ख्रिस्ती धर्म, कुटुंब, राष्ट्र व परदेशी आगंतुकांना मज्जाव हे विषय पुढे आले. मृत्यूच्या काही दिवस आधीच त्यांनी भारतीयांना आणखी व्हिसा देण्याची अमेरिकेला गरज नाही, असे जाहीरपणे म्हटले होते. एका माणसाच्या मतांतील हा बदल म्हणजे अमेरिकन परंपरावादाच्या एका संपूर्ण पिढीचा प्रवास आहे. तो समजून घ्यावयाचा तर पासष्ट वर्षे मागे जावे लागते.

शॅरनचा जाहीरनामा

सप्टेंबर १९६० मध्ये कनेक्टिकट राज्यातील शॅरन या गावी, विल्यम बक्ली यांच्या घराण्याच्या निवासस्थानी शंभराच्या आसपास तरुण जमले आणि त्यांनी ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ ही संघटना काढली. बक्ली हे त्या काळच्या उजव्या विचारवंतांचे अग्रणी. त्यांनी पंचविसाव्या वर्षी आपल्याच येल विद्यापीठावर टीकेची झोड उठविणारे पुस्तक लिहिले होते आणि १९५५ मध्ये, तिशीच्या आत, ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले होते. शॅरन येथे संमत झालेला जाहीरनामा एम. स्टँटन इव्हान्स या सव्वीस वर्षांच्या पत्रकाराने लिहिला होता. त्याचा आशय थोडक्यात असा : व्यक्तीची इच्छाशक्ती ही ईश्वरदत्त आहे; आर्थिक स्वातंत्र्यावाचून राजकीय स्वातंत्र्य फार काळ टिकत नाही; शासनाने सुव्यवस्था, संरक्षण आणि न्यायदान एवढीच कामे करावीत; आणि या साऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे आंतरराष्ट्रीय साम्यवाद.

या जाहीरनाम्यात ईश्वर आणि बाजारपेठ शेजारी शेजारी बसले आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वस्तुतः हे दोघे स्वभावतः मित्र नव्हेत. परंपरा सांगते की काही गोष्टी विकावयाच्या नसतात. बाजारपेठेला असा निषेध मान्य नसतो. शुंपीटर यांनी १९४२ मध्येच दाखवून दिले होते की जुने मोडून नवे उभारणे हा भांडवलशाहीचा प्राणच आहे. ज्यांच्या नावाची उजवे तरुण शपथ घेत, त्या हायेक यांनी तर १९६० सालीच, ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’ या ग्रंथाच्या अखेरीस, आपण स्वतः परंपरावादी का नाही याचा खुलासा केला. परंपरावाद्याला बदलाचे भय वाटते आणि तो थोपविण्यासाठी शासनाचा दंड वापरण्यास तो कचरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

हे दोन प्रवाह एकत्र राहिले ते मुख्यतः समान शत्रूमुळे. सोव्हिएत सत्ता ईश्वर आणि खाजगी मालमत्ता दोन्ही नाकारीत असल्यामुळे पाद्री आणि कारखानदार एका व्यासपीठावर बसू शकले. तरीही भेगा होत्याच. १९६९ मध्ये सेंट लुईस येथील अधिवेशनात याच तरुणांच्या संघटनेत सक्तीच्या लष्करभरतीवरून उभी फूट पडली. परंतु १९६४ च्या बॅरी गोल्डवॉटर यांच्या दारुण पराभवातून ज्यांनी राजकारणाचे धडे घेतले, त्या पिढीने १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांना अध्यक्षपदी बसविले. उत्पन्नावरील कराचा कमाल दर ७० टक्क्यांवरून त्या दशकाच्या अखेरीस २८ टक्क्यांपर्यंत खाली आला. १९८१ मध्ये संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक विमान-वाहतूक नियंत्रकांना रेगन यांनी एका फटक्यात बडतर्फ केले. शॅरनचा अर्थविषयक कार्यक्रम बऱ्याच अंशी अमलात आला होता. १९९१ मध्ये सोव्हिएत संघही लयास गेला. विजय संपूर्ण झाला, असे वाटण्याचा तो क्षण होता.

विजयानंतरचा हिशेब

या विजयाची किंमत कोणी मोजली? अमेरिकेतील कारखान्यांत २००० साली सुमारे १ कोटी ७० लाख लोक काम करीत होते. चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. २०१० पर्यंत ही संख्या सुमारे १ कोटी १५ लाखांवर आली. त्याला चीनची स्पर्धा जशी कारण झाली, तशी यंत्रे आणि मंदीही कारण झाली. म्हणूनच उत्पादन त्या प्रमाणात घटले नाही. परंतु ज्या गावचा एकमेव कारखाना बंद पडतो, तेथील मनुष्याला या विश्लेषणात स्वारस्य नसते. अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचे गाव ओहायोतील मिडलटाऊन. त्यांचे आजोबा केंटकीच्या डोंगरातून तेथील पोलाद कारखान्यात कामाला आले आणि त्या एका नोकरीवर घर उभे राहिले. नातवाच्या वाट्याला आली ती गावाची उतरती कळा आणि घरोघरी शिरलेले व्यसन. व्हान्स यांच्या २०१६ च्या आत्मकथनाचा एवढा गाजावाजा झाला, तो असंख्य वाचकांना त्यात आपलेच गाव दिसले म्हणून.

सामाजिक आकडेही हेच सांगतात. १९६० मध्ये अमेरिकन पुरुषाचे विवाहाचे मध्यक वय २३ च्या आत होते. आज ते ३० च्या घरात आहे. तेव्हा विवाहबाह्य संबंधांतून जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते; आज ते ४० टक्क्यांच्या आसपास आहे. पहिले घर घेणाऱ्याचे मध्यक वय २०२४ मध्ये ३८ वर्षांवर गेले. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जाचा बोजा दीड लाख कोटी डॉलरांच्या वर आहे. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे प्रौढ २००७ मध्ये ७८ टक्के होते, ते आता ६२-६३ टक्के उरले आहेत. पंचविशीतील तरुणाला वाटते की आजोबांना जे सहज मिळाले, ते घर, ते लग्न, ते चर्च आणि ती शेजारपाजारची माणसे आपल्याला मिळणार नाहीत. या भावनेला निव्वळ वंशद्वेष म्हणून निकालात काढणे हा पुरोगामी मंडळींचा आळस आहे.

या तरुणाने आपल्या वडीलधाऱ्यांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट अचूक हेरली आहे. ज्या बाजारपेठेची पूजा करावयास त्याला शिकविले गेले, तिनेच त्याचे गाव, कुटुंब आणि श्रद्धा पोखरली. म्हणूनच त्याने शॅरनच्या जाहीरनाम्यातील बाजारपेठ खाली ठेवली आणि ईश्वर व राष्ट्र तेवढे उचलले. जुलै २०२४ मध्ये मिलवॉकी येथील रिपब्लिकन अधिवेशनात व्हान्स यांनी अमेरिका ही केवळ एक कल्पना नसून समान इतिहास असलेल्या लोकांचे राष्ट्र आहे, असे आवर्जून सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विवेक रामस्वामी यांनी अमेरिकन संस्कृती गणितातील हुशारीपेक्षा खेळाडूंचे कौतुक अधिक करते, अशी टीका करून परदेशी तंत्रज्ञांच्या व्हिसाचे समर्थन केले, तेव्हा त्यांच्यावर त्यांच्याच गोटातील तरुण तुटून पडले. बाजारपेठवाले उजवे आणि राष्ट्रवाले उजवे यांच्यातील भेग त्या आठवड्यात चव्हाट्यावर आली.

जुन्या जकातीचे नवे उपासक

या नव्या उजव्यांना संरक्षक जकात प्रिय आहे, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. ते वाटण्याचे कारण नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्येच देशी कारखान्यांना शासनाने हात द्यावा असे प्रतिपादन केले होते, आणि लिंकनपासून पुढे कित्येक दशके रिपब्लिकन पक्ष हा जकातीचाच पक्ष होता. मराठी वाचकाला तर ही चर्चा परकी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्रज अर्थशास्त्र्यांचे सिद्धांत सर्व देशांना सरसकट लागू पडत नाहीत हे सांगताना त्यांनी जर्मनीच्या लिस्ट यांच्याबरोबर अमेरिकेच्या हॅमिल्टन आणि केरी यांचाही आधार घेतला होता.

तथापि रानड्यांच्या युक्तिवादात आणि आजच्या अमेरिकन तरुणाच्या युक्तिवादात एक मूलभूत अंतर आहे. रानडे बोलत होते एका दरिद्री, परतंत्र देशाच्या बाल्यावस्थेतील उद्योगांविषयी. पोरक्या बालकाला आधार द्यावा, ते पायावर उभे राहिले की काढून घ्यावा, असे ते तर्कशास्त्र होते. अमेरिकेत आज ज्याला आधार हवा आहे ते बालक नव्हे. तो जगातील सर्वांत बलाढ्य अर्थव्यवस्थेतील वयोवृद्ध उद्योग आहे. शिवाय जकातीचा भार परदेशी विक्रेत्यावर पडतो हा समज बऱ्याच अंशी भ्रामक आहे. आयात करणारा तो भरतो आणि जमेल तितका ग्राहकावर ढकलतो. उत्पन्नाचा मोठा वाटा वस्तूंवर खर्च करणाऱ्या गरीब कुटुंबालाच त्याची झळ अधिक बसते. ज्या मिडलटाऊनचे नाव घेऊन जकात लावावयाची, त्याच मिडलटाऊनच्या गृहिणीने ती भरावयाची, असा हा उफराटा न्याय आहे.

रोगनिदान एक, औषध दुसरे

याहून गंभीर आक्षेप इतिहासाविषयीचा आहे. आजच्या तरुण परंपरावाद्याला ज्या १९५० च्या दशकाची ओढ आहे, त्या दशकातील एका पगारावर चालणारे कुटुंब कशावर उभे होते? त्या काळी सुमारे एक-तृतीयांश कामगार संघटित होते. आज ते प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आहे. कराचा कमाल दर ९१ टक्के होता. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारने शिक्षणासाठी आणि घरांसाठी सढळ हाताने साहाय्य केले होते. ज्या व्यवस्थेने ते कुटुंब पोसले, तीच मोडून काढण्यासाठी शॅरनचे तरुण एकत्र आले होते. नातू आज ज्याची उणीव शोधतो आहे, ते घर आपल्याच वैचारिक आजोबांनी पाडले, हे तो लक्षात घेत नाही. त्या जुन्या घराचे दार कृष्णवर्णीयांना बहुतांशी बंद होते, हेही विसरून चालणार नाही. गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले होते, ही नोंद पुसता येत नाही.

म्हणजे रोगाचे निदान आर्थिक, औषध मात्र सांस्कृतिक, असा हा प्रकार आहे. मजुरी, कामगार संघटना, घरांच्या किमती, शिक्षणाचा खर्च यांविषयी बोलावयाचे तर स्वतःच्याच पक्षातील धनाढ्य देणगीदारांशी भांडावे लागते. त्यापेक्षा परदेशी विद्यार्थी, निर्वासित आणि विद्यापीठातील प्राध्यापक हे शत्रू अधिक सोयीचे. साम्यवादाची रिकामी झालेली जागा त्यांनी भरून काढली आहे.

मी स्वतः वर्गावर शिकवितो, म्हणून एक गोष्ट विशेष खटकते. कर्क आवारात तंबू ठोकून कोणाशीही वाद घालण्यास बसत, हे त्यांच्याविषयी आदराने सांगितले पाहिजे. आपल्याकडील किती विद्यार्थी-नेते असे करतील? अमेरिकन विद्यापीठांत उजव्या मतांच्या मुलाला तोंड उघडणे अवघड जाते ही तक्रारही अगदीच निराधार नाही. परंतु त्यांच्याच संघटनेने २०१६ पासून नावडत्या प्राध्यापकांची यादी प्रसिद्ध करण्याचा उपक्रम चालविला, आणि त्यांच्या हत्येनंतर अनुचित शेरे मारल्याबद्दल अनेक शिक्षकांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या. मुक्त चर्चेचा आग्रह आणि शिक्षकांच्या याद्या या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. संस्कृतिरक्षणाचे काम एकदा शासनाकडे सोपविले की ते कोठे थांबावयाचे हे ठरविण्याचा अधिकारही शासनाकडेच जातो. हायेक यांनी दिलेला इशारा नेमका हाच होता.

आपण यातून काय घ्यावे?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली आणि सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क जाहीर केले. या व्हिसांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांना मिळत आले आहेत. पुण्या-मुंबईतील कित्येक घरांनी मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना हे गृहीत धरलेले होते. असेच कर्ज काढून ओहायोत शिकावयास गेलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला फोनवर विचारले, “सर, यांचे कारखाने काय आम्ही बंद पाडले?”

त्याला मी सांगितले की नाही, तू ते बंद पाडले नाहीस. पण बंद पडले हे खरे आहे, आणि तुझ्या शेजारच्या बाकावरील मुलाचा बाप त्यातच बेकार झालेला असू शकेल. त्या मुलाशी वाद घालण्यापूर्वी त्याची हकीगत ऐकून घे. हा सल्ला आपल्या धोरणकर्त्यांनाही लागू आहे. व्हाइट हाऊसमधील माणूस बदलला की सारे पूर्ववत होईल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. व्हान्स चाळिशीत आहेत आणि त्यांच्यामागची फळी त्याहून तरुण आहे. ही पिढी पुढील पंचवीस-तीस वर्षे अमेरिकेच्या राजकारणात राहणार, असे धरूनच आपण निर्यातीच्या बाजारपेठा आणि आपल्या मुलांसाठी येथल्या रोजगाराच्या वाटा शोधल्या पाहिजेत. आणि आपल्याकडेही एकीकडे बेलगाम बाजारपेठेचे स्वागत आणि दुसरीकडे बुडणाऱ्या परंपरेचा शोक, ही जोडी नांदताना दिसते. तिचा हिशेब करण्याची वेळ आपल्यावर येईल तेव्हा आपण कोणाला शत्रू ठरविणार, याचा विचार आतापासूनच केलेला बरा.