शोभिवंत माशांचे विलगीकरण: विक्रीपूर्वीचे अनिवार्य कर्तव्य

शोभिवंत मत्स्यपालन हा आता केवळ शहरी हौसेचा विषय राहिलेला नाही. चेन्नईतील कोळत्तूरपासून पश्चिम बंगालमधील हावड्यापर्यंत अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह या व्यवसायावर चालतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने परसातील संगोपन केंद्रांनाही अर्थसाहाय्य देऊ केले आहे. मात्र अशा केंद्राचा आराखडा करताना टाक्या, हवा पंप आणि खाद्य यांचा हिशेब जितक्या काटेकोरपणे मांडला जातो, तितक्या काटेकोरपणे नव्याने आणलेल्या माशांसाठी स्वतंत्र टाकीचा विचार होत नाही. व्यवसायातील ही सर्वांत महाग त्रुटी होय.

‘मासे दोन दिवस ठेवले, निरोगी दिसले, म्हणून विकले’ हा बाजारातील सर्वसाधारण प्रघात आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे उदाहरण त्यातील फोलपणा स्पष्ट करते. या रोगाचा परजीवी प्रथम माशाच्या त्वचेखाली व कल्ल्यांत वाढतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो गळून तळाशी, दगडांवर किंवा पाणवनस्पतींवर चिकटतो आणि तेथे विभाजन होऊन शेकडो पिल्ले पाण्यात सुटतात. औषधाचा परिणाम प्रामुख्याने या पोहणाऱ्या अवस्थेवरच होतो. त्वचेखालील परजीवी सुरक्षित राहतो. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात हे चक्र साधारण आठवडाभरात पूर्ण होते; थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. केवळ कल्ल्यांत मोजके परजीवी असलेला मासा दुसऱ्या दिवशी निर्दोषच दिसणार. म्हणूनच किमान तीन आठवड्यांचे विलगीकरण आवश्यक ठरते.

हा प्रश्न काचेच्या टाकीपुरता मर्यादित नाही. गोल्डफिश आणि कोई हे रोहू, कटला, मृगळ यांच्याच कुळातील मासे आहेत. आरगुलस ही माशांवरील ऊ आणि अँकर वर्म हे परजीवी शोभिवंत माशांवर आढळतात, तसेच खाद्यमाशांच्या तळ्यांतही मोठे नुकसान करतात. टाकीतील पाणी किंवा नकोसे मासे ओढ्यात, तळ्यात सोडले, तर हौशी माणसाच्या निष्काळजीपणाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

कोळंबी संवर्धनाने हा धडा फार पूर्वीच घेतला. परदेशातून येणारी वेनामी जातीची जनक कोळंबी २००९ पासून चेन्नईतील नीलांकरै येथील विलगीकरण केंद्रातून तपासून मगच बीजोत्पादन केंद्रांकडे पाठवली जाते. तेथे विलगीकरण हा व्यवसायाचाच भाग मानला जातो.

तीन आठवडे मासे अडकवून ठेवणे छोट्या विक्रेत्याला परवडत नाही, हा आक्षेप खोटा नाही. जागा, खाद्य आणि भांडवल या तिन्हींवर ताण येतो. परंतु एका रोगट खेपेने सर्व टाक्या रिकाम्या होतात, तेव्हा होणारा तोटा या खर्चाहून कितीतरी मोठा असतो. एकट्याला जे जड जाते, ते बचत गटाला किंवा शेजारच्या चार उत्पादकांना सामायिक विलगीकरण शेडच्या रूपाने साधू शकते.

त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. वेगळी टाकी, स्पंज गाळणी, स्वतंत्र जाळी, बादली आणि नळी एवढे पुरेसे आहे. वाहतुकीच्या पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. दररोज निरोगी टाक्यांचे काम आधी आणि विलगीकरण टाकीचे शेवटी करावे. पर मिटून राहणे, अंग घासणे, कल्ल्यांची जलद हालचाल या लक्षणांची नोंद ठेवावी. रोगनिदान न होता प्रतिजैविके देणे मात्र कटाक्षाने टाळावे. नव्या पाणवनस्पती आणि गोगलगायींनाही हाच नियम लागू आहे. प्रवाळांच्या बाबतीत तर त्याआधीचा प्रश्न कायद्याचा आहे: वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांचा समावेश असल्याने त्यांचे संकलन व विक्री हा गुन्हा ठरतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी केंद्राचा प्रस्ताव तपासताना विलगीकरण टाकी आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे. विक्रेत्याने मासे आल्याची तारीख टाकीवर लिहावी आणि ग्राहकाने ती विचारावी. तीन आठवडे सांभाळलेल्या माशाला दोन पैसे अधिक देण्याची तयारी ग्राहकाने दाखवली, तर विलगीकरण हा खर्च न राहता विक्रेत्याची पत ठरेल.