डब्यातली बॅटरी मरते कशाने?



धावत्या गाडीत अंधार झाला की प्रवासी टी.टी.ई.च्या अंगावर जातो, टी.टी.ई. कंट्रोलला कळवतो आणि शेवटी चार्जशीट मिळते ती ट्रेन लाइटिंगच्या कामगाराला. पण बॅटरी काही एका रात्रीत मरत नाही. ती रोज थोडी थोडी मारली जाते, आणि तिला मारणारा हात बहुधा आमच्या कामगाराचा नसतो.

जुन्या आयसीएफ पद्धतीचे डबे बनणे २०१८ मध्ये थांबले, तरी ते अजून धावत आहेत. त्यांत अल्टरनेटर आसाला पट्ट्याने जोडलेला असतो; गाडी पळेल तेव्हाच चार्जिंग. स्टेशनागणिक थांबणाऱ्या पॅसेंजरची बॅटरी कधी पुरती भरतच नाही. त्यात रेक यार्डात उभा असताना पंखे-दिवे चालूच राहतात. दोन व्होल्टचा सेल १.८ च्या खाली उतरला आणि तसाच रिकामा पडून राहिला, की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो. मग कितीही चार्ज करा, सेल पूर्वीसारखा भरत नाही.

यावर इलाज एकच. पिट लाइनवर बाहेरून चार्जिंग लावून बॅटरी पुरी भरायची. त्याला तास लागतात. रेक लगेच परत पाठवायचा आणि बॅटरीही टिकली पाहिजे, हे दोन्ही कसे जमणार?

पाण्याची गोष्ट तशीच. सेलमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर जाते. नळाचे नाही, आणि ताकद वाढेल म्हणून ॲसिड तर मुळीच नाही. प्लेटा उघड्या पडल्या की संपले. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते, म्हणजे फेऱ्या वाढवायला हव्यात. प्रत्यक्षात कमी होतात ती माणसे. सीलबंद बॅटरी आली म्हणून पदे कमी करा, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. तिला पाणी लागत नाही हे खरे, पण सैल कनेक्शन तापते ते तिचेही, आणि व्होल्टेज मोजायला माणूसच लागतो.

टपाल खात्यातील बंधू-भगिनींनी आपल्या कार्यालयातील यू.पी.एस.कडेही जरा पाहावे. वीज गेल्यावर तो पार बंद पडेपर्यंत काम रेटायला लावले, तर त्या बॅटरीचीही हीच गत होते.

पी.एन.एम.च्या पुढील बैठकीत आम्ही पिट लाइनवरील चार्जर आणि रिक्त पदे हे दोन्ही विषय एकत्र मांडणार आहोत. आपल्या डेपोत किती चार्जर चालू आहेत आणि रेकला प्रत्यक्ष किती तास मिळतात, ते लिहून शाखेकडे द्यावे.