पन्नाशीचा नवशिका आणि नाल घेणारे

पत्ते खेळणे हे पाप आहे असे महाराष्ट्रातील सामान्य माणसाने कधीच मानलेले नाही. गणपतीच्या जागरणाला आणि गोकुळाष्टमीच्या रात्री घरोघर झब्बू, मेंढीकोट, रमी रंगत आली आहे. तेव्हा पंचेचाळीस-पन्नाशीचा एखादा बँक कर्मचारी, शिक्षक किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कामगार पोकर शिकू लागला, तर आकाश कोसळण्याचे काही कारण नाही. तरीही असा विषय निघाला की पुरोगामी वर्तुळात दोनच प्रतिक्रिया उमटतात. काही जण नाक मुरडतात आणि त्या माणसाच्या चारित्र्याविषयी बोलू लागतात. काही जण ‘ज्याचा पैसा, त्याची मर्जी’ असे म्हणून मोकळे होतात. पहिल्या प्रतिक्रियेत सहानुभूती नाही, दुसरीत विचार नाही. आणि दोन्हींत मूळ प्रश्न नजरेआड होतो. हा माणूस पोकर का शिकतो, हा तो प्रश्न नव्हे. त्याच्या शिकण्यावर कोण जगते, हा तो प्रश्न आहे.

तो का शिकतो, हे समजणे अवघड नाही. पन्नाशीच्या आसपास बढतीची आशा संपलेली असते, मुले आपापल्या वाटेने गेलेली असतात आणि संध्याकाळ लांबत जाते. नवे काही शिकण्याचा आनंद ज्या वयात सर्वांत दुर्मीळ होतो, त्याच वयात त्याची भूक सर्वांत अधिक असते. पोकर ती भूक भागवू शकतो. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते गुप्त मिळतात आणि मेजावर पाच पत्ते सर्वांसाठी उघडे होतात. नियम तासाभरात कळतात. पण समोरच्याने एवढी रक्कम का लावली, तो खरा की थापाड्या, आपल्या पत्त्यांची शक्यता किती, याचा हिशेब आयुष्यभर पुरतो. जॉन फॉन नॉयमानसारख्या गणितज्ञाने द्यूतसिद्धान्ताची मांडणी करताना पोकरमधील थापेचा विचार केला, तो उगाच नव्हे. बुद्धीला चालना देणारा हा खेळ आहे, हे मान्य केल्यावाचून त्यावर टीका करणे म्हणजे सावलीशी लढणे होय.

परंतु नेमक्या याच गुणाचे भांडवल केले जाते. ‘हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे’ ही या धंद्याची सर्वांत लाडकी घोषणा आहे. ती खोटी नाही, आणि म्हणूनच ती घातक आहे. शुद्ध नशिबाच्या खेळात नवशिका आणि मुरलेला खेळाडू एकाच पातळीवर असतात. कौशल्याच्या खेळात पैसे लावले की पैसा कमी कौशल्याच्या माणसाकडून अधिक कौशल्याच्या माणसाकडे वाहणार, हे ठरलेलेच. धंदा ज्याला आश्वासन म्हणून ऐकवतो, ती नवशिक्याच्या बाबतीत वास्तविक शिक्षेची घोषणा असते. मुरलेले खेळाडू नवशिक्याला आपापसांत ‘मासा’ म्हणतात, यात सारे आले.

यावर कोणी म्हणेल की बुद्धिबळातही नवशिका हरतोच. हरतो, पण बुद्धिबळात आपण का हरलो, हे त्याला त्याच संध्याकाळी कळते. पोकरचे तसे नाही. दोन एक्के हाती येण्याचा योग सरासरी २२१ डावांत एकदा येतो. असे दोन एक्के दोन राजांसमोर उभे राहिले, तरी शंभरांपैकी सुमारे अठरा वेळा हार होते. म्हणजे अचूक खेळणारा हरतो आणि चुकीचे खेळणारा जिंकतो, असे रोज घडते. दीर्घकाळात कौशल्य जिंकते हे खरे. पण हा दीर्घकाळ हजारो डावांचा असतो आणि तोवर भविष्यनिर्वाह निधीची रक्कम टिकेलच असे नाही. पहिल्या रात्री दोन हजार रुपये जिंकून घरी आलेल्या गृहस्थाला आपल्या अंगी हा गुण आहे असे वाटू लागते, आणि पुढच्या दहा रात्री हरल्यावर केवळ नशीब रुसले असे वाटते. जिंकले ते कौशल्य, हरले ते नशीब, हा हिशेब मनुष्यस्वभावातला आहे आणि अड्डेवाल्याला तो पुरता ठाऊक आहे.

जाहिरातीही त्याच्याच जोरावर चालतात. २००३ साली अमेरिकेतील लास व्हेगास येथील पोकरच्या जागतिक स्पर्धेत टेनेसी राज्यातील एक हिशेबनीस पंचवीस लाख डॉलर जिंकला. दहा हजार डॉलरचे प्रवेशमूल्य त्याने स्वतः भरले नव्हते. संगणकावरील एका स्वस्त पात्रता-फेरीतून तो तेथे पोहोचला होता. त्याचे आडनावही मनीमेकर! त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. तीन वर्षांनी, २००६ साली, ती संख्या ८,७७३ झाली. एका कारकुनाच्या विजयाचे चित्र हजारो कारकुनांना पुरले. जे हरले त्यांची छायाचित्रे कोणी छापली नाहीत, कारण हरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर नवे मासे गळाला लागत नाहीत.

मेजावर एकमेकांसमोर बसलेले खेळाडू हे या कथेतले अर्धेच पात्रवर्ग होत. न खेळता रोज जिंकणारा एक जण बाजूला उभा असतो. प्रत्येक डावातून तो आपला वाटा काढतो. आपल्याकडील अड्ड्यांच्या भाषेत त्याला नाल म्हणतात. साधा हिशेब मांडून पाहावा. नऊ जण प्रत्येकी पाच हजार रुपये घेऊन बसले, तर मेजावर पंचेचाळीस हजार आले. डावातील रक्कम सरासरी एक हजार, नाल शेकडा पाच आणि तासाला पंचवीस डाव धरले, तर मालकाला तासाला बाराशे पन्नास रुपये मिळतात. सहा तासांत साडेसात हजार, म्हणजे मेजावरील रकमेचा सहावा हिस्सा, कोणीही न जिंकता नाहीसा होतो. नऊ जणांची एकत्रित बेरीज उणेच राहणार. तिच्यातूनही एखादा मुरलेला खेळाडू नफ्यात राहायचा असेल, तर तोटा सोसणारा नवा माणूस मेजावर सतत येत राहिला पाहिजे. पन्नाशीचा नवशिका हा या उद्योगाचा ग्राहक नव्हे. तो त्याचा कच्चा माल आहे.

ही व्यवस्था नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत असे सांगितले आहे. ‘मृच्छकटिका’त दहा सुवर्ण हरलेल्या संवाहकाच्या पाठीस लागून त्याला मारहाण करतो, तो सभिक म्हणजे द्यूतगृहाचा चालक. आणि महाभारतातील द्यूताकडे या दृष्टीने पाहिले, तर युधिष्ठिराला नुसते व्यसनी म्हणून निकालात काढता येत नाही. त्याला द्यूत प्रिय आहे पण खेळता येत नाही, हे शकुनी दुर्योधनाला आधीच सांगतो. डाव मांडला जातो तो या माहितीवर. भांडवल दुर्योधनाचे, हात शकुनीचा आणि समोर हौशी नवशिका. खेळणाऱ्याच्या मोहावर शेकडो वर्षे प्रवचने झाली. सभा बांधणाऱ्याचा हेतू मात्र फारसा कोणी तपासला नाही.

कायद्याचा आधार घेतानाही हीच चलाखी दिसते. सिकंदराबादच्या एका क्लबवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. पत्त्यांच्या धंद्याने हा निकाल ताईत करून गळ्यात बांधला. परंतु त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले होते की, पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा वा जागेचा मालक नफा मिळवीत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. क्लबने पत्त्यांचे व बसण्याचे वाजवी शुल्क घेणे वेगळे आणि खेळावर नफा कमावणे वेगळे, हा तो विवेक होता. निकालाचा पूर्वार्ध पाठ करून उत्तरार्ध गिळण्यात आला. पोकरच्या बाबतीत तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली तो जुगारच ठरविला. तथापि पोकरमध्ये कौशल्य किती आणि नशीब किती, या वादात चळवळीने गुरफटून पडण्याचे कारण नाही. कौशल्य शंभर टक्के असले, तरी नाल घेणारा नाल घेतोच.

शासनाच्या वर्तनाविषयी काय सांगावे! दूरध्वनीच्या पडद्यावर पैशाचे पत्ते वर्षानुवर्षे राजरोस खेळविले गेले. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लावण्यात आला. म्हणजे नाल घेणारांत सरकारही जाऊन बसले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळणाऱ्याला नव्हे, तर खेळ चालविणाऱ्याला शिक्षा, हे त्या कायद्याचे तत्त्व योग्यच आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या तरंगत्या कॅसिनोंचे काय? १९७६ सालच्या गोव्यातील जुगारविरोधी कायद्याला १९९० नंतरच्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेले आणि जहाजे यांच्यापुरती पळवाट काढून दिली. १ फेब्रुवारी २०२० पासून तर गोवा सरकारने गोमंतकीयांनाच त्या कॅसिनोंत खेळण्यास मनाई केली. जे स्वतःच्या नागरिकाला अपायकारक, ते पुणे, कोल्हापूर आणि बेळगावहून येणाऱ्या पाहुण्याला कसे पथ्यकर होते, याचा खुलासा कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही. पडद्यावर पैशाचा खेळ चालविणे अपराध ठरले. तेच जहाजावर चालविणे पर्यटन ठरले.

व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा येथे हमखास पुढे येतो, आणि तो टाळता कामा नये. प्रौढ माणसाने आपल्या कमाईचे काय करावे, हे पक्षाने, सरकारने वा शेजाऱ्यांनी ठरवू नये, हे तत्त्व म्हणून मान्यच आहे. चार मित्रांनी आपल्या ओट्यावर बसून दहा-दहा रुपये लावले, तर पोलिसांनी तेथे जाऊ नये. कारण तेथे हरलेला पैसा मित्राकडेच जातो, पुढच्या आठवड्यात परत येतो, आणि एखाद्याचे फारच जाऊ लागले की मित्रच पत्ते गुंडाळतात. कॅसिनोच्या मेजावर पत्ते कोणी गुंडाळत नाही. तेथे घड्याळ लावलेले नसते, जेवण सवलतीत मिळते आणि हरणाऱ्याला थांबविणे कोणाच्याच हिताचे नसते. हरणाऱ्याच्या स्वातंत्र्याच्या नावाने येथे जे राखले जाते, ते नाल घेणाऱ्याचे उत्पन्न. आणि त्या स्वातंत्र्याची किंमत बहुधा ती व्यक्ती देतच नाही. घरातील स्त्रीचे दागिने आणि मुलांची फी ती किंमत देतात.

मात्र एवढे बोलून कार्यकर्त्यांना आपली सुटका करून घेता येणार नाही. बंदीचे निवेदन देणे सोपे असते. ते दिल्यावर त्या पन्नाशीच्या माणसाने संध्याकाळी सातला जावे कोठे, याचे उत्तर चळवळीजवळ आज आहे काय? एके काळी कामगार वस्त्यांतून वाचनालये होती, व्यायामशाळा होत्या, कॅरम आणि बुद्धिबळाचे अड्डे होते; तेथे वयाने मोठा माणूस नवे शिकायला लाजत नसे. त्या जागा एकेक करून बंद पडत गेल्या तेव्हा कोणी मोर्चा काढला नाही. रिकाम्या झालेल्या संध्याकाळीवर धंद्याने हक्क सांगितला, यात नवल ते काय? पक्षाच्या किती कार्यालयांचे दरवाजे निवडणुकीखेरीज संध्याकाळी उघडे असतात, हेही एकदा मोजून पाहावे.

तेव्हा मागण्या दोन आणि काम एक. ऑनलाइन धंद्याला लावलेले तत्त्व कॅसिनोंनाही लावावे, ही पहिली मागणी. जुगारात कर्जबाजारी झालेल्या कुटुंबांना सावकाराच्या आणि तत्काळ कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांच्या हाती न सोपविता कायदेशीर संरक्षण व उपचार मिळावेत, ही दुसरी. काम मात्र आपले आपणच करावयाचे आहे. वाचनालयाच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी एक मेज मांडावे आणि त्यावर ब्रिज, बुद्धिबळ आणि होय, पोकरही शिकवावा. प्रत्येकाला शंभर चिंचोके द्यावेत. ज्याचे संपले तो त्या संध्याकाळपुरता बाद. पैशावाचून पोकरमध्ये राम नाही असे सांगणारे सांगोत. चिंचोके मोजके असले आणि बाद होण्याची लाज खरी असली की थापही खरी मारावी लागते आणि हिशेबही खरा करावा लागतो. तेथे नवशिक्याला कोणी मासा म्हणणार नाही, कारण त्याच्या अडाणीपणावर कोणाचे पोट अवलंबून नसेल. मुरलेला खेळाडू डाव संपल्यावर त्याची चूक त्याला समजावून सांगेल. पैशाच्या मेजावर ही चूक कोणी सांगत नाही.

यावर काही ज्येष्ठ सहकारी भुवया उंचावतील. पक्षाच्या खोलीत पत्ते, ही कल्पना त्यांना रुचणार नाही. त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की तो माणूस पत्ते तर खेळणारच आहे. तो वस्तीतल्या खोलीत खेळतो की जहाजावर, एवढेच ठरायचे आहे. आणि खोलीची किल्ली आजही कार्यकर्त्यांच्याच खिशात आहे.