विश्लेषण : पिकअप ट्रकची ताकद वाढवण्याचा ‘खेळ’ अमेरिकेत कायद्याच्या कचाट्यात का सापडला?

रोलरवर चढवलेला, पट्ट्यांनी जमिनीला जखडलेला पिकअप ट्रक, शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला ट्यूनर आणि सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर. अमेरिकेतील ‘डायनो’ चाचणीचे असे व्हिडीओ मोबाइलवर अनेकांनी पाहिले असतील. सॉफ्टवेअर बदलून आणि नायट्रस ऑक्साइड वायू सोडून कंपनीच्या मूळ ट्रकची ताकद दुप्पट-तिप्पट केली जाते. हौस म्हणून सुरू झालेला हा प्रकार आता प्रदूषण, कोट्यवधी डॉलरचे दंड आणि राजकारण यांच्या मध्यावर येऊन थांबला आहे. इंजिनात नेमके काय बदलले जाते आणि त्यातून भारताने काय घ्यावे, याचा आढावा.

डायनो म्हणजे काय?

डायनो हे ‘डायनामोमीटर’चे रुळलेले संक्षिप्त रूप. गाडीची चाके जड रोलरवर ठेवतात. गाडी जागेवरच राहते आणि चाके रोलर फिरवतात. रोलरला किती जोर लागला आणि तो किती वेगाने फिरला, यावरून टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर मोजला जातो. टॉर्कला इंजिनाच्या फेऱ्यांनी गुणले की अश्वशक्ती कळते. उदाहरणार्थ, मिनिटाला २,००० फेऱ्यांवर १,००० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे सुमारे २८० अश्वशक्ती.

डायनोचे मुख्यतः दोन प्रकार. पहिल्यात ठरावीक वजनाचा रोलर किती लवकर वेग घेतो, एवढेच मोजतात. दुसऱ्यात रोलरवर विजेच्या ब्रेकने हवा तेवढा भार टाकता येतो. डिझेल ट्रकसाठी दुसरा प्रकार अधिक उपयोगी ठरतो. टर्बोचार्जरला पूर्ण दाब तयार करायचा तर इंजिनावर भार असावा लागतो. रिकामा रोलर झटकन फिरला तर टर्बो जागा होण्याआधीच चाचणी संपते.

डायनोवरचा आकडा खरा मानायचा का?

सावधपणे. कंपनी जाहिरातीत इंजिनाची ताकद सांगते, तर रोलरवर चाकांपर्यंत पोहोचलेली ताकद मोजली जाते. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियलमध्ये साधारण १५ ते २० टक्के ताकद खर्ची पडते. म्हणजे ५०० अश्वशक्तीचे इंजिन चाकांवर ४०० ते ४२५च दाखवेल. हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रतेनुसार आकड्यात दुरुस्तीही करावी लागते. थंड हवेच्या सकाळी आणि उन्हाच्या दुपारी एकाच गाडीचे आकडे वेगळे येतात. त्यामुळे दोन वेगळ्या ठिकाणच्या डायनोंची तुलना करण्यापेक्षा एकाच डायनोवर बदलाआधी आणि बदलानंतर घेतलेल्या नोंदी जास्त बोलक्या असतात.

संगणकीय ट्यूनिंगमध्ये काय बदलतात?

आजच्या डिझेल इंजिनात किती इंधन, कोणत्या क्षणी आणि किती दाबाने सोडायचे, हे इंजिनाचा संगणक ठरवतो. त्याच्या स्मृतीत यासाठी तक्ते असतात. टर्बोचा दाब, टॉर्कची मर्यादा आणि धूर रोखणारी मर्यादाही त्यातच असते. ट्यूनर हे तक्ते बदलतो.

अमेरिकेतील मोठे पिकअप मुळातच दणकट असतात. फोर्डच्या ‘सुपर ड्युटी’ मालिकेतील ६.७ लिटरचे सर्वात ताकदवान डिझेल इंजिन ५०० अश्वशक्ती आणि सुमारे १,६२७ न्यूटन मीटर टॉर्क देते. तरीही कंपनी हातचे राखून ठेवते. इंजिनाचे आयुष्य, वॉरंटी आणि प्रदूषणाचे नियम या तिन्हींचा तोल साधूनच मर्यादा ठरलेल्या असतात. ट्यूनर ही राखीव ताकद मोकळी करतो. त्याची किंमत पिस्टन, गिअरबॉक्स, टर्बो आणि शेवटी हवा मोजते.

मग नायट्रस कशाला?

इंधन जाळायला ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रस ऑक्साइडमध्ये तो ३६ टक्के असतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर हा वायू फुटू लागतो आणि त्यातील ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय तो बाटलीत दाबाखाली द्रवरूप असतो. बाहेर पडताच त्याचा वायू होतो आणि आत जाणारी हवा थंड पडते. थंड हवा घट्ट असते, म्हणजे ऑक्सिजन आणखी वाढतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने उंचावरच्या विरळ हवेत विमानांच्या इंजिनांना बळ देण्यासाठी हेच तंत्र वापरले होते.

पेट्रोल इंजिनात नायट्रससोबत जादा पेट्रोलही द्यावे लागते, अन्यथा पिस्टन वितळू शकतो. डिझेलचे गणित उलटे आहे. ट्यूनरने आधीच इंधन इतके वाढवलेले असते की ते जाळायला हवा पुरत नाही. ते अर्धवट जळलेले इंधन म्हणजेच काळा धूर. नायट्रसने ही हवेची तूट भरून निघते, धूर कमी होतो आणि ताकद वाढते. अमेरिकेतील ‘अल्टिमेट कॉलआऊट चॅलेंज’ या स्पर्धेत ड्रॅग रेस आणि वजन ओढण्यासोबत डायनोचीही फेरी असते. अशा स्पर्धांतील खास बांधलेले ट्रक दोन हजारांहून अधिक अश्वशक्ती दाखवतात. सिलिंडरमधला दाब वाढत गेला की इंजिन रोलरवरच फुटण्याचा धोका असतो, म्हणून चाचणीच्या वेळी कोणीही शेजारी उभे राहत नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. नायट्रस ऑक्साइड आणि धुरातील ‘नॉक्स’ हे वेगळे वायू आहेत. नॉक्स म्हणजे नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड. ते फुफ्फुसांना त्रास देतात आणि उन्हात त्यांपासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. नायट्रस ऑक्साइड हा दंतवैद्य भूल देण्यासाठी वापरतात तो वायू. मात्र हरितगृह वायू म्हणून तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे.

वाद नेमका कशाचा?

शर्यतीच्या मैदानावर कोणी किती अश्वशक्ती काढली, यावर कोणाचा फारसा आक्षेप नाही. वाद आहे तो ‘डिलीट’चा. डिझेल वाहनात प्रदूषण रोखणाऱ्या तीन प्रमुख यंत्रणा असतात. ईजीआर थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवून नॉक्स कमी करते. डीपीएफ ही गाळणी काजळी अडवते. एससीआर यंत्रणा युरियाचे द्रावण फवारून नॉक्सचे नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करते. या तिन्ही यंत्रणा काढून टाकायच्या आणि त्या नसल्याचे इंजिनाच्या संगणकाला कळू नये असे सॉफ्टवेअर भरायचे, याला तिथे ‘डिलीट ट्यून’ म्हणतात. अमेरिकेच्या ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’नुसार अशी यंत्रणा काढणे आणि ती निकामी करणारी साधने बनवणे, विकणे, बसवणे बेकायदा आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, नोव्हेंबर २०२० मधील अहवालात याचा अंदाज मांडला. त्याआधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधील यंत्रणा काढली गेली होती. हे ट्रक त्यांच्या आयुष्यात ५ लाख ७० हजार टनांहून अधिक जादा नॉक्स सोडतील, असा हिशेब होता. नियम पाळणारे ९० लाखांहून अधिक ट्रक रस्त्यावर आणल्यासारखाच हा परिणाम. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.

डायनो कायद्याच्या कामी कसा आला?

ताकद मोजणारा डायनो धूर मोजायलाही उपयोगी पडतो. रोलरवर ठरावीक वेगाने गाडी चालवून सायलेन्सरमधील वायू तपासता येतात. ‘डिझेल ब्रदर्स’ या टीव्ही मालिकेतील मंडळींविरुद्ध युटातील डॉक्टरांच्या एका संस्थेने खटला भरला. संस्थेने त्यांनी बदललेला एक ट्रकच विकत घेतला आणि प्रयोगशाळेत तपासून घेतला. नॉक्स ३६ पट आणि काजळीचे कण २१ पट निघाल्याचे तिने सांगितले. २०२० मध्ये न्यायालयाने सुमारे साडेआठ लाख डॉलरचा दंड ठोठावला.

पण डायनोलाही चकवता येते, हे फोक्सवॅगनने दाखवून दिले. गाडी रोलरवर आहे हे तिचे सॉफ्टवेअर ओळखत असे आणि तेवढ्यापुरती प्रदूषण यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवत असे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पथकाने गाडीतच उपकरणे बसवून रस्त्यावर मोजणी केली, तेव्हा संशय बळावला. सप्टेंबर २०१५ मध्ये ईपीएने जाहीर केले की, रस्त्यावर नॉक्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होता.

मोठ्या कंपन्यांची यादी तिथे संपली नाही. कमिन्स या इंजिन कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये १६७.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’खालील तो सर्वात मोठा दिवाणी दंड होता. २०१३ ते २०१९ दरम्यानच्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपच्या इंजिनांत प्रदूषण नियंत्रण टाळणारे सॉफ्टवेअर असल्याचा आरोप होता. कंपनीने गैरकृत्य मात्र मान्य केलेले नाही.

ट्रकमालकांची बाजू काय?

सगळेच धूर उडवण्याच्या हौसेने ‘डिलीट’ करत नाहीत. गाळणी तुंबते, सेन्सर बिघडतात, दुरुस्तीला हजारो डॉलर लागतात. युरिया संपला किंवा त्याच्या यंत्रणेत बिघाड झाला की संगणक गाडीची ताकद टप्प्याटप्प्याने कमी करतो. काही वाहनांचा वेग ताशी ५ मैलांवर, म्हणजे आठ किलोमीटरवर येतो. ऐन सुगीत शेतातला ट्रक किंवा बर्फात रस्त्यावरचा मालट्रक असा अडकला की मालक वैतागतो. ही तक्रार खरी आहे आणि ती अनेक वर्षे दुर्लक्षित राहिली.

ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने तिची दखल घेतली. अचानक ताकद जाऊ नये यासाठी कंपन्यांनी सॉफ्टवेअर सुधारावे, अशा सूचना दिल्या. २०२७च्या मॉडेलपासून नव्या डिझेल ट्रकना ही अट लागू होईल, असेही जाहीर केले. शर्यतीसाठी गाडीत बदल करण्याची मुभा कायद्यातच असावी, यासाठीचे ‘आरपीएम’ विधेयकही २०१६ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडले गेले आहे.

ईपीएच्या सूचनेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. इशारा देण्याची पद्धत सौम्य करणे वेगळे आणि यंत्रणाच काढून टाकणे वेगळे. पहिल्याने चालकाची अडचण दूर होते. दुसऱ्याने त्याची अडचण रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांत जाते.

भारतात काय स्थिती?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद झाली. फोक्सवॅगन प्रकरणात पुण्यातील ‘एआरएआय’ने चाचण्या घेतल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

खरी परीक्षा पुढे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि ट्रकचालकांच्या बोलण्यात ‘युरिया’ हा शब्द डिझेलइतकाच सरावाचा झाला. युरियाचा खर्च आहे, गाळणीची देखभाल आहे, संगणकाचा इशाराही आहे. म्हणजे अमेरिकेतील ट्रकमालकाला जो मोह झाला, त्याची सगळी कारणे इथेही हजर आहेत. युरोपात युरिया फवारला जात असल्याचे संगणकाला भासवणाऱ्या छोट्या उपकरणांनी तपास यंत्रणांना जेरीस आणले होते.

आपली पीयूसी चाचणी इथे अपुरी पडते. डिझेल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर किती दाट आहे, एवढेच पाहतात. नॉक्स डोळ्यांना दिसत नाही आणि या चाचणीत मोजलाही जात नाही. म्हणजे युरियाची यंत्रणा बंद केलेला ट्रकही हातात वैध पीयूसी घेऊन टोलनाका ओलांडू शकतो.

उपाय काय?

नव्या मॉडेलना मंजुरी देताना एप्रिल २०२३ पासून भारतात रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जनाची मोजणी सुरू झाली. ती चाचणी कंपनीच्या दारात होते, मालकाच्या हातात गेलेल्या गाडीची नाही. वापरातील ट्रकची तपासणी करताना संगणकातील सॉफ्टवेअर मूळचेच आहे का, हे तपासणे आणि निवडक गाड्यांचा नॉक्स मोजणे, हे दोन उपाय व्यवहार्य आहेत. त्याच वेळी महामार्गावर युरिया सहज मिळणे आणि सेन्सरची दुरुस्ती छोट्या मालकाला परवडणे, हेही तितकेच गरजेचे आहे. अमेरिकेने केवळ दंडावर भर दिला तेव्हा ‘डिलीट’चा बाजार साडेपाच लाख ट्रकपर्यंत वाढला आणि चालकांची साधी तक्रार ऐकायला २०२५ साल उजाडले. आपल्याकडे हा बाजार मोठा होण्याआधीच दोन्ही बाजूंनी काम सुरू करण्याची संधी अजून आहे.