पाच जणांचा नकार

युनोच्या सनदेत १११ कलमे आहेत, आणि त्यांपैकी एकातही ‘व्हेटो’ हा शब्द नाही. राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत मात्र ‘टीपा लिहा’ या प्रश्नाखाली ‘नकाराधिकार’ हमखास असतो आणि आपण सारे तो पाच गुणांपुरता पाठ करतो. सनदेच्या २७ व्या कलमात एवढेच म्हटले आहे की, कामकाजाच्या पद्धतीविषयीचे प्रश्न वगळता सुरक्षा समितीचा कोणताही निर्णय व्हावयाचा असेल तर पंधरापैकी नऊ मते हवीत आणि त्यांत कायम सभासदांची संमती हवी. वाक्य साधे आहे. त्याचा अर्थ असा की, चौदा राष्ट्रे एका बाजूला उभी राहिली आणि अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स यांपैकी एकाने हात वर करून ‘नाही’ म्हटले, की ठराव संपला. कायम सभासद तटस्थ राहिला तर ठराव अडत नाही असा प्रघात पडला आहे, पण स्पष्ट ‘नाही’ला समितीत उपाय नाही. जगातील शांततेची किल्ली या पाच जणांच्या कमरेला आहे.

ही किल्ली त्यांना कोणी दिली? त्यांनी ती स्वतःच घेतली. दुसरे महायुद्ध अजून संपलेले नव्हते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, स्टालिन आणि चर्चिल यांनी मतदानाची ही रीत आपसांत ठरवून टाकली. नंतर त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला ५० राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा लहान राष्ट्रांना मोठा राग आला. ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री एव्हॅट हे त्यांचे पुढारी. निदान तंट्यांच्या शांततामय मिटवणुकीच्या कामात तरी नकाराधिकार नसावा, अशी त्यांची मागणी होती. तेव्हा अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनॅली यांनी सनदेच्या मसुद्याची प्रत हातात धरली आणि सर्वांसमक्ष टराटरा फाडून दाखविली. अर्थ उघड होता : नकाराधिकार नको असेल तर सनदच नाही. लहान राष्ट्रे घरी गेली नाहीत, त्यांनी सही केली. भारताचीही सही त्या सनदेवर आहे. पण ती करणारे शिष्टमंडळ रामस्वामी मुदलियार यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश सरकारने धाडलेले होते, आणि हे लोक भारताचे प्रतिनिधी नव्हेत हे विजयालक्ष्मी पंडित त्याच शहरात परिषदेबाहेर सांगत होत्या.

बड्या राष्ट्रांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्यांची बाजू पोकळ नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघात अमेरिका कधी आलीच नाही. मांचुरियाच्या प्रश्नावर ठपका येताच जपान १९३३ साली निघून गेला. इटलीने अबिसिनिया गिळला आणि सम्राट हैले सेलासी १९३६ च्या जूनमध्ये जिनिव्हाला येऊन दाद मागून गेले. दाद मिळाली नाही. बलाढ्य राष्ट्रे बाहेर राहिली की संघटना नुसती कागदावर उरते, हा तो धडा. त्यांना आत ठेवावयाचे तर त्यांच्याविरुद्ध तिला कधीच लढाईला उभे करता येणार नाही, अशी व्यवस्था असली पाहिजे. या हिशेबाने पाहिले तर नकाराधिकाराने आपले काम केले आहे असेही म्हणता येईल. पाचांपैकी एकही जण कायमचा उठून गेला नाही, आणि तिसरे महायुद्ध झाले नाही. (त्याचे श्रेय अणुबाँबला द्यावे की युनोला, हा वेगळा वाद.) माझा प्रश्न एवढाच आहे की, बलाढ्यांचे आपसांत न भांडणे याला आपण ‘जगाची शांतता’ हे नाव का दिले?

१९५६ चा एक आठवडा घेऊ. नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्यानंतर ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. ३० ऑक्टोबरला सुरक्षा समितीत ठराव आला, तो ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हाणून पाडला. ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. त्याच दिवशी हंगेरीविषयीचा ठराव समितीत आला, तो रशियाने हाणून पाडला. दोन्ही प्रश्न मग आमसभेकडे गेले, कारण समिती अडली तर आमसभेने विषय हाती घ्यावा असा मार्ग १९५० साली काढून ठेवलेला होता. इजिप्तमधून परकी सैन्य परत गेले. हंगेरीतून गेले नाही. सनद तीच, आमसभा तीच, आठवडा तोच. फरक एवढाच की, ब्रिटनचा पौंड कोसळू लागला होता आणि त्याला हात द्यावयाचा की नाही हे अमेरिकेच्या हाती होते. रशियाला असा चिमटा घेणारे कोणी नव्हते. इजिप्तला न्याय मिळाला हे खरे, पण तो दुसऱ्या एका धन्याच्या मर्जीने मिळाला.

इथवर सारे आपल्याला पटते. वर्गात या विषयावर चर्चा निघाली की बड्या राष्ट्रांना नावे ठेवण्यात आपण कोणीच मागे राहत नाही. पण पुढची पाने उलटली की आपलाही चेहरा दिसू लागतो.

डिसेंबर १९६१. गोव्यात भारतीय सैन्य शिरले. पोर्तुगाल हा ‘नाटो’चा संस्थापक सभासद, त्यामुळे समितीत त्याला मित्रांची वाण नव्हती. युद्ध थांबवा आणि सैन्य मागे घ्या, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आदींनी आणला. तेव्हा समिती अकरा जणांची होती आणि सात मते पुरत असत. सात मते पडलीही. विरोधात सोव्हिएत रशियाबरोबर श्रीलंका, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक अशी चार. ठराव पडला तो केवळ त्या चारांत एक मत रशियाचे होते म्हणून. १९५५ साली ना. ग. गोरे, सेनापती बापट आणि त्यांच्यामागून गेलेले सत्याग्रही यांनी जेथे लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, गोळ्याही झेलल्या, त्या भूमीचा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये अशा रीतीने पार पडला. गोवा मुक्तिदिन आपण साजरा करतो त्या वेळी ही आठवण सहसा कोणी काढत नाही. काश्मीरच्या प्रश्नावर १९५७ आणि १९६२ साली रशियानेच आपल्यासाठी हात वर केला होता.

आणि १९७१. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते. डिसेंबरमध्ये युद्ध पेटताच शस्त्रसंधीचे ठराव समितीत आले, ते रशियाने एकामागून एक असे तीन वेळा नाकारले. तो काळ आपल्या सैन्याला मिळाला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. पण मध्यंतरी ७ डिसेंबरला आमसभेत मतदान झाले होते, त्याचे आकडे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे येत नाहीत. शस्त्रसंधीच्या बाजूने १०४, विरोधात ११, तटस्थ १०. एक राष्ट्र एक मत या न्यायाने पाहिले तर आपण त्या दिवशी हरलो होतो. बंगाली जनतेच्या बाजूने आपण होतो असे मी आजही म्हणते. परंतु आपले बरोबर असणे मतमोजणीने ठरले नाही, एका बलाढ्य मित्राच्या हाताने ठरले. पुढे काय झाले पाहा. नव्या चीनला १९७१ च्या ऑक्टोबरमध्येच युनोत जागा मिळाली होती. त्याने आपला पहिला नकाराधिकार ऑगस्ट १९७२ मध्ये वापरला तो बांगलादेशाला युनोत घेऊ नये म्हणून. त्या देशाला प्रवेशासाठी सप्टेंबर १९७४ पर्यंत थांबावे लागले. एकाच्या नकाराने जो देश जन्माला आला, तोच दुसऱ्याच्या नकाराने दोन वर्षे दारात उभा राहिला!

नकाराधिकार न वापरताही पाच जणांची मर्जी चालते, हे त्याहून वाईट. रवांडात १९९४ च्या एप्रिलमध्ये माणसांची कत्तल सुरू झाली, आणि २१ एप्रिलला समितीने तेथील शांतिसेना वाढविण्याऐवजी सुमारे २७० माणसांवर आणली. तेव्हा कोणीही ‘नाही’ म्हटले नव्हते. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. २००३ साली इराकवर स्वारी करताना अमेरिकेने आणि ब्रिटनने समितीपुढचा ठराव मतास न टाकताच सोडून दिला आणि लढाई सुरू केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्या महिन्यात समितीचे अध्यक्षपद रशियाकडेच होते. दुसऱ्या दिवशी ठराव आला. ११ मते बाजूने, तीन तटस्थ, एक विरोधी. ते एक रशियाचे. डिसेंबर २०२३ मध्ये गाझातील शस्त्रसंधीच्या ठरावाला १३ मते मिळाली, ब्रिटन तटस्थ राहिले, आणि अमेरिकेने नकार दिला. पक्ष बदलतो, हात वर होतो तो तसाच.

माझे वडील आमच्या गावच्या विकास सोसायटीचे सभासद आहेत. तेथे दोन एकरवाल्याला एक मत आणि मोठ्या बागायतदारालाही एकच मत. कर्ज आधी कोणाच्या घरी पोचते आणि कोणाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतात, हे खेड्यातून आलेल्या वाचकांना मी सांगावयास नको. एक मताच्या नियमाने जोर नाहीसा होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही वार्षिक सभेत बागायतदाराला उभे राहून उत्तर द्यावे लागते, कारण पुढच्या निवडणुकीत त्याला माझ्या वडिलांचे मत लागते. सुरक्षा समितीतल्या पाच जणांना कोणाचेच मत लागत नाही. ते निवडून येत नाहीत. सनद बदलावयाची तर १०८ व्या कलमाप्रमाणे त्याला या पाचांचीच मान्यता हवी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत तर मते भांडवलाच्या हिश्शाप्रमाणे मोजतात आणि महत्त्वाच्या निर्णयाला ८५ टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत, म्हणजे नकाराधिकार तेथेही आहे, फक्त त्याला ते नाव नाही.

आता आपला देश कायम सभासदत्व मागतो आहे. १४० कोटींचा देश, युनोच्या शांतिसेनेत दोन लाखांहून अधिक जवान पाठविणारा देश. तो बाहेर आणि ब्रिटन-फ्रान्स आत, हे हास्यास्पद आहे. संपूर्ण आफ्रिका खंडाला आणि लॅटिन अमेरिकेला एकही कायम जागा नाही, हे त्याहून हास्यास्पद. ही मागणी मला मान्य आहे. पण खुर्चीबरोबर आपल्याला ती किल्लीही हवी आहे काय? २००५ साली भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील यांनी मिळून जो मसुदा केला त्यात नव्या कायम सभासदांनी पंधरा वर्षे नकाराधिकार वापरू नये, मग फेरविचार व्हावा, अशी तडजोड होती. पंधरा वर्षांनी काय? सहावा, सातवा, आठवा मालक आल्याने चाळ भाडेकरूंची होत नाही. भारताने कायम जागा नकाराधिकाराशिवाय मागावी आणि तसे उघड सांगावे, असे माझे मत आहे.

यावर वर्गातील एका मित्राने मला लगेच अडविले : “मग गोव्याचे काय झाले असते?” प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, ठराव संमत झाला असता तरी भारतीय सैन्य गोव्यातून परतले नसते. आपली नाचक्की झाली असती आणि ती आपण सोसली असती. दुसऱ्याच्या नकाराधिकाराचे ऋण मात्र व्याजासह फेडावे लागते. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनच्या ठरावावर तटस्थ राहिलेल्या तिघांत भारत होता. मार्चमध्ये आमसभेत १४१ राष्ट्रांनी रशियाचा निषेध केला तेव्हाही आपण तटस्थच होतो. त्यामागे शस्त्रास्त्रांचा पुरवठा होता, परदेशी शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची काळजी होती, हे सारे खरे. पण १९५७, ६१ आणि ७१ ची आठवण त्यात नव्हतीच, असे मला वाटत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये आमसभेने एक ठराव केला. सुरक्षा समितीत कोणी नकाराधिकार वापरला, की कामकाजाच्या दहा दिवसांच्या आत आमसभेची बैठक भरेल आणि त्यावर चर्चा होईल. नकार त्याने रद्द होत नाही, पण निदान सर्वांदेखत त्याचे कारण सांगण्याची वेळ येते, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखी. हा पुढाकार घेतला लिश्टेनस्टाइन या देशाने. त्याचे क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, लोकवस्ती ४० हजारांच्या आसपास, आणि त्याला सैन्य नाही. असा ठराव दिल्लीहून का आला नाही?