क्रीटमधला अर्धा दिवस

बायकोला बंदर बघायचं होतं आणि मला एक टेकडी. मुलीला दोन्ही नको होतं, तिला समुद्रात डुंबायचं होतं. हातात होते साडेपाच तास, एक गाडी आणि एक चालक, जो गाइडचंही काम करणार होता.

दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना मिळालेल्या रजेतली ही गोष्ट. मी बैरूतहून अथेन्सला आलो, त्या दोघी मुंबईहून आल्या. अथेन्स उरकून आम्ही क्रीट बेटावर गेलो. मुक्काम हानिया या गावी. स्पेलिंग वाचून आपण चानिया म्हणतो, तिथले लोक हानिया म्हणतात. हॉटेलातून अर्ध्या दिवसाची खासगी टूर घेतली. ठरलेल्या यादीत जुनं व्हेनिशियन बंदर, एक मठ, ऑलिव्ह तेलाची चव आणि शेवटी समुद्रकिनारा. खासगी टूरचा खरा फायदा एवढाच की यादी बदलता येते. मी चालकाला म्हटलं, "आधी सूदा, मग मालेमे, मग जमेल ते." त्याने आरशातून माझ्या केसांच्या कटाकडे बघितलं आणि विचारलं, "सैन्यात आहात?"

"अहो, रजेवर आलोय ना आपण?" बायको म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने किती वेळा विचारला असेल, मोजदाद नाही.

सूदाचा उपसागर हानियापासून काही किलोमीटरवर आहे. त्याच्या टोकाशी राष्ट्रकुल सैनिकांचं दफनस्थान आहे, पाण्याकडे उतरत जाणाऱ्या हिरवळीवर. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे 1,500 सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक दगडांवर नाव नाही. जॉन पेंडलबरी नावाचा इंग्रज पुरातत्त्वज्ञही इथेच आहे. क्नोसोसच्या उत्खननाची जागा सांभाळणारा हा विद्वान युद्ध आलं तेव्हा क्रीटच्या डोंगरी लोकांना संघटित करत होता. मे 1941 मध्ये तो मारला गेला. मुलगी रांगांमधून फिरत वयं वाचत होती. वीस, बावीस, एकोणीस. "बाबा, हा माझ्यापेक्षा फक्त पाचच वर्षांनी मोठा," ती म्हणाली, आणि समुद्रात डुंबायचा विषय तिने नंतर तासभर काढला नाही.

मालेमे हानियाच्या पश्चिमेला, साधारण 16 किलोमीटरवर. तिथे एक धावपट्टी, तिच्या पलीकडे तावरोनितिस नदीचं पात्र आणि धावपट्टीच्या डोक्यावर एक टेकडी. उंची 107 मीटर, म्हणून लष्करी नकाशात तिचं नाव टेकडी 107. मिलिटरी हिस्टरीच्या अभ्यासात मी ही टेकडी कागदावर अनेकदा काढली होती. प्रत्यक्षात ती इतकी छोटी असेल असं वाटलं नव्हतं. खडकवासल्याला एनडीएत आम्ही ज्या टेकड्यांवर धापा टाकल्या, त्यांच्यापुढे ही म्हणजे उंचवटाच.

20 मे 1941 च्या सकाळी जर्मनांनी क्रीटवर आकाशातून हल्ला केला. मुख्यतः हवाई सैनिकांच्या बळावर एखादं बेट जिंकायचा इतक्या मोठ्या प्रमाणावरचा तो पहिलाच प्रयत्न. छत्रीधारी सैनिक उतरले ते थेट न्यूझीलंडच्या बंदुकांच्या तोंडावर. गावकरी कुऱ्हाडी, कोयते, आजोबांच्या काळातल्या बंदुका घेऊन धावले. संध्याकाळपर्यंत बेटावरची एकही धावपट्टी जर्मनांच्या हाती नव्हती. धावपट्टी नाही म्हणजे कुमक नाही, दारूगोळा नाही. डाव जवळजवळ फसला होता.

टेकडी 107 न्यूझीलंडच्या 22 व्या बटालियनकडे होती. सीओ होते लेफ्टनंट कर्नल लेस्ली अँड्र्यू. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला माणूस, म्हणजे धैर्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. दिवसभर बाँब पडले. टेलिफोनच्या तारा तुटल्या. पुढच्या कंपन्यांशी संपर्क गेला. दोन रणगाडे पुढे घातले, दोन्ही निकामी झाले. मागितलेली कुमक वेळेवर आली नाही. पुढच्या कंपन्या संपल्या असं धरून त्यांनी रात्री टेकडी सोडली.

कंपन्या संपल्या नव्हत्या. त्या आपल्या जागी होत्या. रात्री उशिरा त्यांच्या लक्षात आलं की मागे कुणीच उरलेलं नाही. सकाळी जर्मनांना टेकडी रिकामी मिळाली. 21 मेच्या दुपारी तोफांचा मारा चालू असतानाच त्यांची वाहतूक विमानं मालेमेला उतरू लागली. पुढे दहा-बारा दिवसांत बेट गेलं.

वर्गात बसून मी या निर्णयावर कडक शब्दांत लिहिलं होतं. गुणही चांगले मिळाले होते. त्या दिवशी टेकडीवर उभं राहिल्यावर मला काश्मीरमधली एक रात्र आठवली, जिच्यावर मी कधी काही लिहिलेलं नाही.

कॅप्टन होतो. एका गावाभोवती घेरा घातला होता. खाली नाल्याच्या तोंडाशी एक नाईक आणि चार जवान बसवले होते. थंडीने बॅटरी बसली असावी, रात्री एकच्या सुमारास त्यांचा रेडिओ गप्प झाला. तासभर हाका मारल्या. उत्तर नाही. शेवटी मी असं धरलं की ते ठरल्याप्रमाणे वरच्या बांधावर सरकले असणार, आणि त्याच हिशेबाने दुसरी तुकडी मागे घेतली. उजाडल्यावर खाली गेलो तर पाचही जण नाल्यातच, दवात भिजलेले, बोटं ट्रिगरजवळ. त्यांची उजवी बाजू रात्रभर उघडी होती आणि ती मी उघडी केली होती. नाईक एवढंच म्हणाला, "साहेब, आम्ही तिथंच होतो की."

त्या रात्री कुणी आलं नाही. आलं असतं तर माझंही नाव कुठल्या तरी अभ्यासक्रमात असतं. अँड्र्यू आणि माझ्यात फरक फक्त नशिबाचा. मालेमेला मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली घ्यावासा वाटला. चूक ती चूकच, पण ती कुठून दिसते यावर बरंच अवलंबून असतं.

आता त्या टेकडीवर जर्मन सैनिकांचं दफनस्थान आहे. जवळजवळ साडेचार हजार कबरी. जमिनीलगत आडव्या फरश्या, एकेका फरशीवर दोघांची नावं, मध्ये फुलझाडं, खाली धावपट्टी आणि समुद्र. मुलीने विचारलं, "हे तर शत्रू होते ना? मग इतकं स्वच्छ कुणी ठेवलंय?"

उत्तर आमच्या चालकाने दिलं. इथे अनेक वर्षं योर्गोस प्सिहुंदाकिस हे राखणदार होते. ते मूळचे मेंढपाळ. जर्मन ताब्याच्या काळात प्रतिकार चळवळीचे निरोप घेऊन डोंगरांतून पायी धावणारे. युद्ध संपल्यावर त्यांच्या वाट्याला काय आलं? कागदपत्रांच्या घोळात पळपुटा सैनिक म्हणून तुरुंग. त्या काळात त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. 1955 मध्ये त्या इंग्रजीत आल्या आणि जगभर वाचल्या गेल्या. नंतर त्यांनी इलियड आणि ओडिसी क्रीटच्या बोलीत आणली. आणि पोटासाठी नोकरी केली ती ज्यांच्याशी लढले त्यांच्या कबरींवर पाणी घालण्याची. 2006 मध्ये ते वारले.

याला क्षमा म्हणायचं का, ते मी ठरवणार नाही. कारण टेकडी उतरून थोडं आत गेलं की कोन्दोमारी लागतं. 2 जून 1941 रोजी, लढाई संपल्यावर, जर्मन छत्रीधारी सैनिकांनी या गावातले पुरुष वेगळे काढले आणि ऑलिव्हच्या बागेत गोळ्या घालून मारले. दोष एवढाच की गावकऱ्यांनी प्रतिकार केला होता. हे सगळं त्यांच्याच एका लष्करी छायाचित्रकाराने टिपलं. त्याला पुढे गेस्टापोने अटक केली, पण चित्रं राहिली. दुसऱ्या दिवशी कान्दानोस हे आख्खं गाव जमीनदोस्त झालं. बायको स्मारकापाशी बराच वेळ उभी होती. गाडीत बसताना म्हणाली, "तुमच्या टेकडीच्या नकाशात हे गाव होतं का हो?"

नव्हतं. माझ्या नकाशात कंपन्या होत्या, बाणांच्या खुणा होत्या, गाव म्हणजे एक ठिपका.

आता मुद्द्यावर येतो. जानेवारी 2025 मध्ये आपल्याकडे 'भारत रणभूमी दर्शन' सुरू झालं. सीमेवरच्या युद्धभूमी सामान्य माणसाला बघता याव्यात म्हणून. मला हे मनापासून आवडलं. गलवान, सियाचीन ही नावं बातम्यांतून ऐकणारा माणूस तिकडच्या हवेत दोन श्वास घेईल, तर जवानाचं काम त्याला अधिक कळेल. पण माझं म्हणणं असं की नुसत्या विजयाच्या गोष्टी, तोफेसमोर फोटो आणि कॅन्टीनमधला टी-शर्ट एवढ्यावर हे दर्शन संपता कामा नये.

सेला खिंडीचं उदाहरण घ्या. तवांगकडे जाणारा प्रत्येक पर्यटक जसवंतगडला थांबतो, जवानांच्या हातचा चहा पितो. थांबलंच पाहिजे. 17 नोव्हेंबर 1962 ला नूरनांगला 4 गढवाल रायफल्सने चिनी हल्ले परतवले, रायफलमन जसवंतसिंग रावत तिथेच पडले, त्यांना महावीर चक्र मिळालं. पण त्याच रात्री, वर सेलावरची मजबूत मोर्चेबंदी सोडून आपली 62 ब्रिगेड मागे फिरली, आणि ती माघार आपल्याला फार महाग पडली. नूरनांगचा पराक्रम आणि सेलाची माघार ही एकाच रात्रीची दोन पानं आहेत. तिथून जाणाऱ्या किती जणांना दुसरं पान माहीत असतं? आणि योगायोग बघा, सेलाची जबाबदारी होती 4 डिव्हिजनकडे, लाल गरुडाच्या खुणेची तीच डिव्हिजन, जी केरेन आणि कॅसिनो लढून 1944 च्या अखेरीस ग्रीसमध्ये होती.

लोक म्हणतात, पराभव सांगितला की मनोधैर्य खचतं. न्यूझीलंडचं खचलं नाही. त्यांच्या सरकारने 1953 मध्ये क्रीटचा अधिकृत इतिहास छापला. लिहिणारे डॅन डेव्हिन स्वतः तिथे लढून जखमी झालेले. टेकडी 107 ची रात्र त्यांनी लपवली नाही. म्हणून तर ती माझ्यासारख्या परक्या देशाच्या अधिकाऱ्याला शिकता आली. लपवलेली चूक फक्त ज्याने केली त्याच्याबरोबर मरते, आणि पुढचा कॅप्टन ती नव्याने करतो.

तसंच गावांचं. सीमेवरच्या गावांनी गोळाबारी सोसली, ओझी वाहिली, वाटा दाखवल्या. त्यांच्याशिवाय आमच्या लढायांची गोष्ट पुरी होत नाही. आणि तसंच शत्रूच्या मृतांचं. 1999 मध्ये पाकिस्तानने आपलेच म्हणायचं नाकारलेल्या सैनिकांना कारगिलच्या डोंगरांत आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे, इतमामाने दफन केलं. मला तर ही गोष्ट शिखर जिंकल्याइतकीच अभिमानाची वाटते. ती द्रासला जाणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाने ऐकावी.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. निर्णय जिथे घेतला गेला त्या जागी एक साधा फलक हवा, त्या वेळी तिथून काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं हे सांगणारा. एखाद्या निवृत्त सुभेदार साहेबांना किंवा गावातल्या म्हाताऱ्याला गाइड नेमता येईल. अर्धा दिवस पुरतो. आम्हाला पुरला.

शेवटी हानियाच्या बंदरावर चाळीस मिनिटं मिळाली. बायकोने दीपगृहाचा फोटो काढला, मुलीने पाण्यात पाय घातले. त्या रात्री हॉटेलात बसून मी बऱ्याच वर्षांनी त्या नाईकाचा नंबर शोधला. आता तो सातारा जिल्ह्यात आपल्या गावी शेती करतो. त्या रात्रीबद्दल मी पहिल्यांदाच त्याची माफी मागितली. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "साहेब, ते कधीच विसरलो. तुम्ही जेवलात का?"

जय हिंद.